पौडातलं रक्त संपलं तो सोमवार

पौडच्या एस.टी. स्टँडमागं बाबालाल मणेराचं सायकलचं दुकान होतं, दुकानामागं घर होतं आणि घरात शाहजादी होती. बाबालाल दिवसाकाठी मोजून दहा-बारा शब्द बोलायचा आणि त्यातले निम्मे "हवा भरून देऊ का?" यातच संपायचे. उरलेलं सगळं बोलणं त्यानं लग्नातच बायकोच्या नावावर करून दिलं होतं, असं लोक म्हणायचे. शाहजादीनं ते वाया जाऊ दिलं नाही.

ती बांगड्या भरायची. डोक्यावर पाटी, पाटीत दोऱ्यात ओवलेल्या बांगड्यांचे जुडगे, आणि लवळ्यापासून चांद्यापर्यंत एकही घर असं नव्हतं की जिथल्या बाईचा हात तिच्या हातात आला नव्हता. बांगडी भरायची म्हणजे हात तिच्या ताब्यात द्यावा लागतो, आणि हात एकदा तिच्या ताब्यात गेला की बाईला हलता येत नाही. मग शाहजादी बोलायची. "तुझ्या बांगड्या लईच फुटत्यात गं, नवरा परत प्याला लागला व्हय?" "तुझा हात सुटलाय, गेल्या साली दोन-चारच्या मापाची जायची." सगळ्या आळीसमोर, मोठ्यानं. बायका कळ सोसायच्या ती बांगडीची नव्हे, या बोलण्याची. तरी बोलवायच्या तिलाच, कारण तिच्या हातून बांगडी पिचत नसे.

आणि नखं. नखं बघितल्याशिवाय ती बांगडी चढवायचीच नाही. अंगठा दाबायचा, सोडायचा, लाली परत येते का बघायचं. नाही आली की झालं. "अगं बया, खोबऱ्यावानी पांढरी पडलीस की! पालेभाजी खा, गूळ-शेंगदाणे खा, न्हाईतर डाक्टराकडं जा. सासूनं न्हाई दिलं तर मला सांग, मी बघते तिच्याकडं." सासवा तिला टरकून असायच्या. तालुक्यात कुणाच्या अंगात किती रक्त आहे हे सरकारला माहीत नव्हतं, शाहजादीला माहीत होतं.

असं हे तोंड आयुष्यात एकदाच बंद राहिलं. नेमकं नको तिथं.

त्र्याऐंशी सालची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. तहसील कचेरीत शिपाई असलेल्या ज्ञानदेव गायकवाडाच्या बायकोचं, वैजंताचं, डोहाळजेवण होतं. पहिलटकरीण, सातवा लागलेला. शाहजादी हिरवा चुडा घेऊन गेली, वैजंताचा हात हातात घेतला. दोन-चारची बांगडी न दाबताच आत घरंगळली. नखं पांढरी. तळवे पांढरे. अंगठा दाबून सोडला, तर दाबला काय आणि सोडला काय, काही फरकच नाही. शाहजादीनं बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात गोजराबाई, म्हणजे वैजंताची सासू, मोठ्या उत्साहानं आली आणि त्या उघड्या तोंडात तिनं एक अख्खी करंजी कोंबली. "खा भाबी, सून चालली आता माहेराला!" ओल्या नारळाची करंजी, तीही गोजराबाईच्या हातची, म्हणजे जवळजवळ होडीच. ती चावून संपेपर्यंत बायकांनी गाणी सुरू केली, वैजंता हसायला लागली, आणि शाहजादीला वाटलं, जाऊ दे, सणाच्या दिवशी कशाला विरजण घाला. सांगू पुढच्या बुधवारी, या आळीला फेरी असते तेव्हा.

पुढचा बुधवार आला आणि गेला. बाराव्या दिवशी वैजंताला कळा सुरू झाल्या. जीपमधून पुण्याला नेईनेईपर्यंत ती बाळंत झाली. मुलगी. एक किलो आणि वर थोडंसं. ज्ञानदेवानं स्टँडवर येऊन सांगितलं, "माझ्या हाताच्या पंजात मावती." शाहजादीनं पाटी खाली ठेवली आणि त्या दिवशी ती कुठल्याच गावाला गेली नाही. बाबालालनं विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काय न्हाई." बाबालाल घाबरलाच. लग्नाला वीस वर्षं झाली, हिच्या तोंडून "काय न्हाई" त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी ज्ञानदेव परत आला तो रक्त मागायला. पोरीला ओ निगेटिव्ह लागतंय, मिळत नाही, माणसं घेऊन या असं डॉक्टरांनी सांगितलंय. पौड अशा वेळी मागं हटत नाही. भैरूनं टेम्पो काढला, सतरा जण चढले. पुढं वाल्मीक पहिलवान, छाती काढून, "माझं एकट्याचंच पुरंल, बाकीचे सोबतीला चला" म्हणत. गुरांची औषधं करणारा नथू होता, वाणी बहिरू होता. आणि मागं एका कोपऱ्यात, रिकामी पाटी मांडीवर घेऊन, शाहजादी. "तुमी कुटं भाबी?" "मी रविवारात माल आणायला चालले. टेम्पो काय तुमच्या बापाचा हाय?" असं ती म्हणाली. पण रविवार पेठ आली, गेली, आणि ती उतरली नाही.

हॉस्पिटलात रक्त घेण्याआधी एक परीक्षा होती. टेबलावर काचेचं भांडं, भांड्यात निळंशार पाणी. बोटाला टोचायचं, थेंब वरून सोडायचा. थेंब तळाला गेला तर रक्त दमदार; वर तरंगला तर माणूस कच्चा, घरी जा. वाल्मीक पहिला. दंड दाखवून बसला. थेंब पडला आणि आंघोळीला उतरलेल्या म्हशीसारखा निवांत वर तरंगत राहिला. वाल्मीक भांड्याकडं बघतो, भांडं वाल्मीककडं बघतंय. "परत टाका," तो म्हणाला. परत टाकला. परत वर. तंत्रज्ञ म्हणाला, "भातखाचरात अनवाणी फिरता ना? पोटात जंत असतील. या गोळ्या घ्या." पहिलवानाला जंताच्या गोळ्या! बाकीचे हसले, आणि मग एकेक जण स्वतः तरंगला तसे गप्प होत गेले. सतरातले अकरा वर राहिले. दोघं सुई बघूनच आडवे झाले, त्यांचं काय ते कळलंच नाही. चौघांचे थेंब बुडाले पण गट जुळेना.

"मावशी, तुम्ही?" तंत्रज्ञानं विचारलं. "मी माल आणायला..." म्हणत शाहजादीनं बोट पुढं केलंसुद्धा. थेंब पडला तो थेट तळाला, वाटेत कुठं थांबला नाही. गटही ओ निगेटिव्ह. वाल्मीकनं टोपी काढून हातात धरली.

डॉक्टर सबनीसबाई चष्मा लावलेल्या, बारीक, सदा घाईत. त्यांनी शाहजादीला काचेतून पोरगी दाखवली. पेटीत निजलेली, डोक्यावर पारदर्शक डबा, डब्यात नळीतून ऑक्सिजन. बरगड्या आत जायच्या, बाहेर यायच्या. शाहजादी म्हणाली, "अगं चिचुंद्रे!" आणि तिनं काचेला नाक लावलं.

"फुप्फुसं कच्ची आहेत," बाई म्हणाल्या. "ऑक्सिजनशिवाय जगणार नाही आणि जास्त दिवस ऑक्सिजन दिला की त्यानंच फुप्फुसं आणखी जड होतात. म्हणून तो हळूहळू कमी करायचाय. पण रक्त कमी आहे. ऑक्सिजन म्हणजे स्टँडवरचे प्रवासी समजा, आणि रक्त म्हणजे एस.टी. गाड्या नसल्या तर प्रवासी नुसते उभे. तिची हाडं अजून रक्त बनवायला शिकलेली नाहीत, आणि आम्हाला तपासायला रोज थोडं काढावं लागतं."

"म्हंजे तुमीच काढता आणि तुमीच आमच्याकडं मागता?"

"हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तसंच आहे." शाहजादीला हे उत्तर आवडलं. माणूस सरळ होतं. "दर वेळी एकाच माणसाचं मिळालं तर बाळाला बरं. मंगळवारी येत जाल?"

"यीन."

मग बाईंनी सिरिंज काढली. शाहजादीनं डोळे मिटले, अल्लाचं नाव घेतलं, दात आवळले. "झालं," बाई म्हणाल्या. शाहजादीनं बघितलं तर सिरिंजमध्ये तीन चमचे रक्त. "बास? एवढंच? अहो, मी दोन तास टेम्पोत हादरत आले!" "एक किलोचं बाळ आहे बाई. तिला एवढंच लागतं."

आता खरं तर ही साधी गोष्ट. पण टेम्पो परत पौडात आला, स्टँडवर माणसं जमलेली, शेजारच्या रंभाबाईनं पुढं होऊन विचारलं, "किती घेतलं गं?" आणि शाहजादीच्या जिभेला "तीन चमचे" म्हणवेना. सतरा पुरुष हरले, ही जिंकली, आणि चमचे? "बाटली," ती म्हणाली. "काठोकाठ."

बाटली! पौड हळहळलं. रंभाबाईनं त्याच संध्याकाळी कोंबडी कापून काळीज पाठवलं. गोजराबाईकडून रोज दूध येऊ लागलं. बहिरू वाण्यानं गुळाची ढेप दिली. पुढच्या मंगळवारी शाहजादी एस.टी.नं गेली, तीन चमचे देऊन आली आणि पाय ओढत घरात शिरली. "आज दीड," ती म्हणाली. चार मंगळवारांत पौडच्या हिशेबानं तिच्या अंगातून सहा बाटल्या गेल्या होत्या आणि ती चांगली गुबगुबीत झाली होती. तिच्या स्वतःच्या बांगड्या तिला दाटायला लागल्या. बाबालाल बघायचा, काळजाच्या वाटीत भाकरी बुडवायचा आणि गप्प बसायचा. त्याला काय, फुकटचं होतं.

पोरगीही वाढत होती. चौदाशे ग्रॅम झाली. डब्यातला ऑक्सिजन थोडा कमी केला तरी ओठ निळे पडत नव्हते. शाहजादी काचेला नाक लावून तिच्याशी बोलायची, "ये चिचुंद्रे, डोळं उघड, मी आले." शेजारी वैजंता स्टुलावर बसलेली असायची. शाहजादी पोरीशी बोलायची, नर्सशी बोलायची, झाडूवालीशी बोलायची. वैजंताशी मात्र "बरी हायस का?" याच्या पुढं तिची मजल जाईना. तिच्या नखांकडं बघायचं ती टाळायची.

आणि मग नथूला अक्कल सुचली.

नथू म्हणजे डिग्री सोडून बाकी सगळं असलेला गुरांचा डॉक्टर. त्या दिवशी पुण्यात त्याचा थेंब तरंगला होता आणि ते त्याला खुपत होतं. एके दिवशी बैलाच्या खुराला औषध लावताना त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "अरे, ते निळं पाणी म्हंजे मोरचूद! आपल्याकडं डबाभर हाय!" आणि खरंच, हॉस्पिटलात मोरचूदच होता. एवढं बरोबर निघालं हाच घोटाळा झाला. तिथं तो तोलून-मापून घालत असतील हे नथूच्या गावीही नव्हतं. त्यानं काचेची बरणी घेतली, पाणी ओतलं, आणि खुरकूत झालेल्या बैलाच्या पाय धुवायच्या पाण्यात घालतो तसा मुठीनं मोरचूद घातला. रंग फिका वाटला म्हणून आणखी दोन मुठी.

सोमवारी सकाळी स्टँडच्या पारावर परीक्षा सुरू झाली. पहिला थेंब नथूचाच. वर. दुसरा बहिरूचा. वर. मग रांग लागली. सरपंच वर. शाळामास्तर वर. एस.टी.चा कंडक्टर तिकिटाची पेटी खांद्याला लावून आला आणि वर राहिला, ड्रायव्हर त्याच्यामागून. वाल्मीक पहिलवान तेवढा खूश. "बगा! समदेच माझ्यावानी!" तो प्रत्येक थेंबाला टाळी वाजवू लागला. त्या जंताच्या गोळ्या त्यानं कोंबड्यांना घातल्या होत्या, आणि पौडात त्या आठवड्यात कोंबड्याच तेवढ्या ठणठणीत होत्या.

दुपारपर्यंत हाहाकार. पौडात रक्तच नाही! बहिरूकडचा गूळ संपला, शेंगदाणे संपले, अळीव संपले. कुणी सांगितलं लोखंडात रक्त असतं, तर बहिरूनं पातेल्यात खिळे उकळून ते पाणी प्यायला सुरुवात केली. मास्तरांनी अशक्तपणामुळं शाळेला सुट्टी दिली. ज्यांना सकाळपर्यंत काही होत नव्हतं त्यांना चक्कर यायला लागली, आणि रंभाबाई तर चालता चालता "धरा, धरा" म्हणत बसकण मारायची.

मग कुणीतरी म्हणालं, शाहजादीभाबीचं बघा. तिचं दमदार. पुण्यात बुडालं होतं.

ती आली, ऐटीत. बोट पुढं केलं. थेंब पडला आणि वर तरंगला. इतरांचे थेंब निदान थोडे खाली जाऊन यायचे, हिचा तर जागचा हलला नाही.

"सहा बाटल्या!" रंभाबाई किंचाळली. "सहा बाटल्या गेल्या बाईच्या! रिकामी झाली!"

शाहजादीनं बरणीत पुन्हा वाकून बघितलं. सहा बाटल्या गेल्या नव्हत्या हे तिला माहीत होतं. मग हे काय? बारा चमच्यांत संपण्याइतकंच होतं का तिच्यात? आणि दुसरा विचार आला तो त्याहून वाईट. उद्या मंगळवार. हे असलं पाणचट रक्त त्या पोरीच्या अंगात घालायचं? एकदा दिसत असून आपण बोललो नाही, तेव्हा पोरगी आठव्यालाही पोचली नाही. आता आपलंच रक्त तिला बाधलं तर? गावानं तिला हात धरून घरी नेलं, गोधडीत गुंडाळलं आणि बजावलं, "उद्या जायचं न्हाई." ती गेली नाही. मंगळवारभर ती छताकडं बघत पडून राहिली. रंभाबाईनं काळीज आणलं, तिनं तोंड फिरवलं. बाबालालनं दुकान बंद ठेवलं आणि उशाशी बसून राहिला. हवा भरायला आलेले लोक तसेच सायकली ढकलत गेले.

बुधवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं ज्ञानदेव आला. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"भाबी, काल काय झालं? डाक्टरीणबाई दिसभर इचारत हुत्या. पोरगी पांढरीफटक पडलीया. वजन वाढायचं थांबलं. श्वास घ्यायचा इसरती. नर्सबाई तळपायाला टिचकी मारत्यात, मग घेती. ऑक्सिजन परत वाढवला. दुसरं रक्त कुटंच मिळंना."

शाहजादी गोधडी फेकून उठली. दारात अख्खी आळी जमली होती. "ज्ञानदेवा, माझ्यात रक्त न्हाई राहिलं रं," ती म्हणाली. "तरंगलं. समद्यांनी बगितलं."

"सहा बाटल्या गेल्या तिच्या," रंभाबाई म्हणाली.

"बाटल्या?" ज्ञानदेव म्हणाला. "कसल्या बाटल्या?"

आता काही इलाज नव्हता. शाहजादीनं पदर खोचला. "बाटली न्हाई! एकबी न्हाई! तीन चमचे घेत्यात. दर मंगळवारी तीन चमचे. मी खोटं बोलले. घ्या, हसा आता!"

कुणी हसलं नाही. सगळे हिशेब करत होते. "आणि माझ्या कोंबडीचं काळीज?" रंभाबाई म्हणाली. "चार कोंबड्या कापल्या मी!" "माझी ढेप!" बहिरू म्हणाला. गलका झाला. आणि त्या गलक्यात एक आवाज आला जो पौडात फारसा कुणी ऐकला नव्हता.

"तीन चमच्यानं बाई रिकामी हुत न्हाई," बाबालाल म्हणाला. "माणसात खोट नसंल. पाण्यात असंल."

एवढं लांबलचक बोलून तो दमला आणि उंबऱ्यावर बसला. शाहजादी नवऱ्याकडं बघत राहिली. मग तिचा जुना आवाज परत आला. "भैरू! तुझा पाखऱ्या आण!"

पाखऱ्या म्हणजे भैरूचा बैल. तीन वर्षं शर्यतीत कुणाला ऐकला नव्हता; त्याच्या मानेवर हात फिरवायला लोक लवळ्याहून यायचे. त्याला पाराशी आणला. नथू म्हणाला, "बैलाचं कशाला?" शाहजादी म्हणाली, "का? तुझ्याकडं येणारं दुसरं गिऱ्हाईक कोन हाय?" बैलाच्या कानाला टोचलं, थेंब बरणीत टाकला. स्टँडवर उभी असलेली पुण्याची गाडी सुटायची वेळ होऊन गेली होती, पण ड्रायव्हर-कंडक्टर दोघंही बरणीत डोकं घालून उभे होते.

पाखऱ्याचा थेंब तरंगला.

"आता बोल, नथू! ह्याला बी अशक्तपणा? ह्याला बी खिळं उकळून पाजतोस?" पाखऱ्यानं नेमकं तेव्हाच शिंगानं बरणीला ढोसलं आणि सगळं निळं पाणी नथूच्या धोतरावर. भैरू आनंदानं रडायलाच लागला, कारण मधले दोन श्वास त्याला वाटलं होतं बैल गेला. मास्तरांची चक्कर थांबली. रंभाबाई टुणकन उठली. शाहजादी तोवर गाडीत चढली होती. "कंडक्टर! तुझं रक्त हाय तितंच हाय, बेल मार!"

गाडीत ती पुढच्या सीटवर बसली आणि पुण्यापर्यंत तिनं एकाशीही भांडण केलं नाही.

हॉस्पिटलात थेंब तळाला गेला. तरी तिनं तंत्रज्ञाला पुन्हा एकदा टाकायला लावला. सबनीसबाईंनी रक्त घेतलं आणि ते त्या बारीकशा शिरेत थेंबाथेंबानं जाताना शाहजादी काचेबाहेर उभी राहिली. पोरगी मेणासारखी पडलेली. शाहजादी मनात बोलत होती, घे गं, घे, आणखी काढा म्हणलं तर काढत न्हाईत हे लोक, पन एवढं तरी घे. दुपारी पोरीच्या कानाच्या पाळ्यांवर लाली आली. मग ओठांवर. टिचकी न मारता ती श्वास घेत राहिली.

मोरचूदाची हकीगत ऐकून सबनीसबाईंना खुर्ची ओढून बसावं लागलं. चष्मा काढून डोळे पुसत त्या म्हणाल्या, "बैलाची आयडिया तुमची?" "मग काय नथूची?" एवढा मोरचूद घातला की पाणीच जड होतं आणि कुणाचंही रक्त तरंगतं, हे त्यांनी समजावलं. हसणं थांबल्यावर मात्र कामाचं सांगितलं, की पुण्यात जे अकरा तरंगले होते ते खरोखरचे तरंगले होते, त्यांना जंताच्या आणि लोहाच्या गोळ्या घ्यायला लावा. शाहजादीनं ते काम अंगावर घेतलं. वाल्मीक पहिलवानाला तिनं स्वतःसमोर गोळ्या गिळायला लावल्या आणि तोंड उघडून बघितलं. महिनाभर तो तिला बघून गल्ली बदलायचा.

जानेवारी सरत आला तसा डबा निघाला. आधी नाकाशी बारीक नळी, मग तासभर नळीशिवाय, मग रात्रभर. फुप्फुसं अजून नाजूकच होती, श्वास जरा भरभर चालायचा, पण आपला आपण चालायचा. एका मंगळवारी शाहजादीनं सवयीनं हात पुढं केला तर बाई म्हणाल्या, "आता नको. तिची हाडं शिकली. तिचं तीच बनवतेय."

"तीन चमचे तरी?"

"एक थेंबसुद्धा नको."

शाहजादीला आनंद झाला आणि रागही आला. कुणीतरी कामावरून काढून टाकावं तसं वाटलं. पुढच्या मंगळवारी काही काम नसताना ती गाडीत बसली आणि गेली.

वैजंता वरच्या मजल्याच्या व्हरांड्यात उन्हात बसली होती, मांडीवर पोरगी. नळी नाही, डबा नाही, टोपडं घातलेली, दोन किलोची. तीन महिन्यांत वैजंतानं नर्सशिवाय कुणाला तिला हात लावू दिला नव्हता. गोजराबाईला देखील नाही. कुणी पुढं झालं की ती पोरीला छातीशी धरून पाठ फिरवायची. स्वतः मात्र निम्मी झाली होती. गोजराबाईनं डबा आणावा आणि हिनं दोन घास खाऊन झाकण लावावं, कारण जेवायला हात लागतात आणि हातात पोरगी.

शाहजादी शेजारी बसली. नळाशी जाऊन आली, परत बसली. मग एकदम म्हणाली, "पोरी, मला दिसलं व्हतं. चुडा भरला त्या दिशी. तुझी नखं पांढरी व्हती. मला कळलं व्हतं आणि मी बोलले न्हाई. साऱ्या तालुक्याला बोलते, आणि तुला बोलले न्हाई."

वैजंतानं पोरीचं टोपडं सारखं केलं.

"तवाच बोलायचं व्हतं, भाबी," ती म्हणाली.

"व्हय."

खाली आवारात कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"हात धुतले का?" वैजंतानं विचारलं.

"दोनदा. साबण लावून."

"मग धरा हिला. डोकं जरा वर ठेवा, नाकाजवळ पदर येऊ देऊ नका. मी जेवून येते."

तिनं पोरीला शाहजादीच्या हातांत दिलं, पदर सारखा केला आणि जिना उतरून गेली. मागं वळूनही बघितलं नाही. शाहजादी ताठ बसली. हात हलू नयेत म्हणून तिनं कोपर मांडीवर रोवलं. पोरीची छाती वर जात होती, खाली येत होती, आणि शाहजादी एक शब्द न बोलता तेवढंच बघत होती. नर्स येऊन गेली, झाडूवाली येऊन गेली, कुणाशी काही नाही. ऊन सरकत भिंतीला गेलं.

वैजंता अर्ध्या तासानं वर आली. दोन भाकऱ्या खाल्ल्या, म्हणाली.